वाचून न दाखवलेली जाहिरात

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही सहा-सात जण एका मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत जमायचो. खोलीत गणपतीच्या आराशीचं गुंडाळून ठेवलेलं सामान, एक डगमगतं टेबल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. कविता वाचायला सुरुवात होण्याआधी मी जाहिराती वाचायचो. कवितास्पर्धांच्या, हस्तलिखितांच्या पुरस्कारांच्या. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्या खोलीत मला जी काही किंमत होती ती जाहिरातींमुळे होती, कवितांमुळे नव्हती.

बडोद्यात बसून मराठी कविता करणाऱ्याला स्पर्धा आपणहून सापडत नाहीत. वाचनालयात येणाऱ्या रविवारच्या पुरवण्यांचे कोपरे बघायचे, मासिकांची शेवटची पानं बघायची, पुण्याच्या मामेभावाला दर पंधरा दिवसांनी फोन करून छळायचं. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत एखादी जाहिरात आमच्यापर्यंत येते तेव्हा अंतिम तारीख बहुतेक उलटून गेलेली असते. जे हाती लागेल ते पुन्हा चाळायचं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सन्मानपत्र वाटणाऱ्या स्पर्धा बाद. निवड झाली की संग्रहाच्या प्रती विकत घ्यायला लावणाऱ्या बाद. 'फक्त महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी' असं अगदी खाली बारीक अक्षरात छापलेल्या तर आधी बाद, पण ते बारीक अक्षर दिसेपर्यंत माझी कविता निवडून, टाइप करून झालेली असायची. मी गोरव्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतो. दिवसभर मापाचा गेज लावायचा आणि ज्याला बसत नाही तो भाग बाजूला काढायचा. जाहिरातींनाही मी तसाच गेज लावत असे, आणि त्याचा मला गर्व होता.

आमच्यात एक नियम होता. ज्याला स्पर्धा सापडेल त्याने ती आधी सगळ्यांना वाचून दाखवायची, मग स्वतः कविता पाठवायची. हा नियम मीच केला होता. पूर्वी आमच्यातल्या एकाने गुपचूप कविता पाठवून उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं. त्या शनिवारी मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. इथे मराठी माणसं मोजकी, त्यात लिहिणारी बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही असा चोरटेपणा करायचा, असं मी बरंच काही बोललो होतो. तो बिचारा मान खाली घालून सेव-उसळ खात राहिला. पुढे तो यायचाच बंद झाला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

आमच्यात सगळ्यात चांगलं लिहायच्या ताई. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. वय सत्तरीच्या पुढचं. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झालेली, आता पाणीगेटला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. फोन बटणांचा, तोही बहुतेक वेळा उशीखाली. व्हॉट्सॲप नाही, मासिकं नाहीत. डोळ्यांना त्रास होतो म्हणून वाचनालयात जाणंही सोडलेलं. म्हणजे स्पर्धा त्यांच्यापर्यंत पोचायची तर ती माझ्या तोंडूनच.

त्यांची एक कविता होती हजेरीची. शाळेतली मुलं वर्षागणिक कमी होत गेली, शेवटी वर्गात चार उरली, तरी बाई जुन्या पटावरची सगळी नावं घेतात आणि 'हजर' असं उत्तर शेजारच्या गुजराती वर्गातून येतं. एवढंच. त्यांनी ती एका शनिवारी पहिल्यांदा वाचली. मी घरी येऊन माझी वही उघडली, माझ्या चार कविता वाचल्या आणि वही मिटून टाकली. त्या दिवसापासून मला त्यांचा हेवा वाटायला लागला. असा शब्द स्वतःबद्दल लिहिताना हात अडतो, पण दुसरा शब्द नाही.

वर आणखी एक होतं. मी शोधून आणलेल्या स्पर्धांमध्ये आम्ही दोघं कविता पाठवायचो. त्यांना दुसरा क्रमांक आला की मला उत्तेजनार्थ, त्यांना उत्तेजनार्थ आला की मला काहीच नाही. परीक्षक कळवायचे, 'गुजरातेत राहून मराठी जपता, कौतुक वाटते.' हे वाक्य मला इतक्यांदा आलं होतं की ते वाचलं की तळपायाची आग मस्तकात जायची. ताईंना मात्र परीक्षक कवितेबद्दल लिहायचे.

त्यांना एक पुस्तक व्हायला हवं होतं. एका शनिवारी चहा पिता पिता म्हणाल्या, "एकच झालं असतं तर बरं होतं. आता फार नको." पैसे भरून छापून देणारे पुष्कळ होते. तसं छापायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणीतरी अनोळखी माणसाने वाचून, हे छापण्याजोगं आहे असं म्हटलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. मला ती अट पूर्ण समजायची, कारण माझीही तीच होती.

आणि ती जाहिरात आली. एका छोट्या मासिकाच्या शेवटच्या पानावर, चौकटीत. पहिल्या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितासाठी पुरस्कार, त्यात एक वेगळा विभाग महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कवींसाठी. निवडलेलं हस्तलिखित संस्था स्वतःच्या खर्चाने छापणार. ते मासिक आमच्यात मी एकटाच मागवायचो. मी चौकट दोनदा वाचली आणि पहिला विचार मनात आला तो असा: ताईंनी पाठवलं तर आपलं संपलं.

त्या शनिवारी मी तीन जाहिराती वाचून दाखवल्या. चौथी शर्टाच्या खिशात होती. कागद घडी घालून ठेवला होता, अधूनमधून हात तिथे जायचा. ताई नेहमीसारखं वहीत तारखा उतरवून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढंच का रे या वेळी?" मी म्हटलं, "एवढंच." पुढच्या शनिवारी सांगू, अजून वेळ आहे, असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या शनिवारी तो कागद घरीच ठेवून गेलो.

बायकोला मी हस्तलिखिताबद्दल सांगितलं होतं, कारण घरात लपवणं शक्यच नव्हतं. कारेलीबागेतल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत तिच्या गणिताच्या शिकवण्या चालतात. दाराशी मुलांच्या चपलांचा ढीग आणि आत जेवणाच्या टेबलावर माझे कागद. अटी बऱ्याच होत्या. कागदाच्या एकाच बाजूला टाइप केलेलं हवं, तीन प्रती हव्यात, हस्तलिखितात कुठेही कवीचं नाव नको. नाव-पत्ता आणि कविता स्वतःच्या असल्याचं प्रतिज्ञापत्र वेगळ्या बंद पाकिटात. मी पानं लावताना तिने विचारलं, "ताईंचं झालं का तयार?" मी मान वर न करता म्हटलं, "त्या नाही पाठवत या वेळी. नको म्हणाल्या." खोटं इतकं सहज निघालं की मलाच दचकायला झालं.

शेवटची अट मात्र अशी होती की तिथे माझं घोडं अडलं. महाराष्ट्राबाहेरच्या विभागासाठी स्थानिक मराठी शिक्षकाचं किंवा प्राध्यापकाचं पत्र जोडायचं होतं. महाराष्ट्रातली मंडळी बाहेरच्या नातेवाइकांचा पत्ता देऊन या विभागात शिरत असणार, म्हणून ही खबरदारी. माझ्या ओळखीत मराठीचं शिक्षक म्हणावं असं माणूस एकच होतं.

मी पाणीगेटला गेलो. ताईंना सांगितलं की एका संस्थेचं सभासदत्व घेतोय, मी इथला आहे आणि लिहितो असं शिक्षकाकडून लिहून हवं आहे. त्यांनी काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आज कच्चं लिहिते, उद्या पक्कं करते. जरा वार लागेल, चालेल ने?" इतकी वर्षं बडोद्यात काढल्यावर 'वेळ'च्या जागी 'वार' आपोआप येतो. मी चालेल म्हटलं. एका पत्रासाठी दोन दिवस घेणाऱ्या माणसाला आपण फसवतोय, हे जिना उतरताना मला चांगलं कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर स्कूटर पाणीगेटलाच वळवली.

पत्र शाईच्या पेनाने, शाळेत फळ्यावर लिहितात तशा मोकळ्या अक्षरात लिहिलं होतं. वर 'संबंधितांस', खाली तीन वाक्यं आणि सही. पहिलं, हे गृहस्थ बडोद्याचे रहिवासी असून मी त्यांना अनेक वर्षे ओळखते. दुसरं, यांच्या कविता त्यांच्या स्वतःच्या आहेत आणि चांगल्या आहेत. तिसरं असं होतं: 'स्पर्धांची व पुरस्कारांची माहिती ते कष्टाने शोधून आणतात आणि स्वतः भाग घेण्याआधी आम्हा सर्वांना वाचून दाखवतात, मराठीसाठी येथे एवढे करणारे दुसरे कोणी माझ्या पाहण्यात नाही.'

मी ते त्यांच्यासमोर उभ्या उभ्या वाचलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. अंतिम तारखेला अजून आठ-दहा दिवस होते, त्यांची वही समोरच्या फळीवर होती, मी टाइप करून दिलं असतं. मी म्हटलं, "फार छान लिहिलंत, ताई." त्या म्हणाल्या, "जे आहे ते लिहिलं." वर खाकऱ्याचं पुडकं हातात दिलं, घरी न्यायला.

दुसरीकडून पत्र आणावं का, असा विचार घरी गेल्यावर आला. पण पत्र खरोखरच छान होतं. परीक्षकांवर छाप पडेल असं होतं. म्हणून तेच लावलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, कारण जाहिरात लपवली ती भीतीने, पण पत्र लावलं ते हिशेबाने. तीन प्रतींचं स्पायरल करून मी स्पीड पोस्टाने पाकीट पाठवलं. खिडकीवरच्या माणसाने वजन करत विचारलं, "शुं छे अंदर?" मी म्हटलं, "कागळिया," म्हणजे नुसते कागद. कविता आहेत असं सांगायचं धाडस झालं नाही.

मग वाट बघणं. या काळात मी शनिवारी फार चांगला वागायचो. ताईंना स्कूटरवरून घरी सोडायचो, त्यांच्यासाठी छोट्या स्पर्धांचे अर्ज स्वतः भरून द्यायचो. ताई माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या की तुझा नवरा हल्ली माझं फार करतो. बायकोने ते कौतुकाने मला सांगितलं आणि मी पाणी प्यायला आत गेलो.

निकाल थंडीत आला. आमच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे पाठवलेला संदेश होता, आणि शनिवारी आमच्यातल्या एकांनी तो फोनवरून मोठ्याने वाचला. मुख्य विभागाचा पुरस्कार कुणाला तरी मिळाला होता. पुढे लिहिलं होतं: 'महाराष्ट्राबाहेरील विभागात पुरस्कारास पात्र हस्तलिखित न आल्याने या वर्षी पुरस्कार देण्यात येत नाही. अपुऱ्या प्रतिसादामुळे पुढील वर्षापासून हा विभाग बंद करण्यात येत आहे.'

कुणाला तरी दिला असता तर बरं झालं असतं. बेळगावच्या, इंदूरच्या, गोव्याच्या कुणीही नेला असता तर मी म्हणालो असतो, ताईंनाही मिळाला नसता कदाचित. पण जागा रिकामी राहिली होती. परीक्षकांनी माझं हस्तलिखित हातात घेऊन, हे पात्र नाही म्हटलं होतं, आणि जे पात्र ठरलं असतं ते पाणीगेटला फळीवर पडून होतं. आता तो विभागच राहिला नव्हता.

निकाल वाचणाऱ्याने माझ्याकडे बघितलं. "असा विभाग होता? तुम्ही कधी वाचला नाहीत तो." आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी काही बोलण्याआधी ताई बोलल्या. "एखादी सुटते नजरेतून. एकटा माणूस किती बघणार? आपण कुणी शोधतो का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर माझी माफी मागितली. मी ती घेतली.

त्याच संध्याकाळी घरी जेवताना निकाल ऐकून बायको म्हणाली, "ताईंना आता वाईट वाटत असेल, पाठवायला हवं होतं म्हणून. उद्या फोन करते त्यांना." मी सांगायला गेलो ते त्या फोनमुळे. माझी सदसद्विवेकबुद्धी वगैरे जागी झाली असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. पकडले जाण्याआधी पोचायचं होतं. बायकोला म्हटलं, तू नको करू, मीच जाऊन येतो, आणि रविवारी सकाळी दहाला पाणीगेटचा जिना चढलो.

ताई ताटात तुवेरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "बस ने, उभा का?" म्हणाल्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. मासिक, खिशातला कागद, बायकोशी बोललेलं खोटं. सभासदत्व वगैरे काही नव्हतं हेही सांगितलं. मधेमधे मी कारणं द्यायला बघत होतो, पण शेंगा सोलायचा आवाज तसाच चालू होता आणि कारण अर्धवटच राहायचं. शेवटी म्हटलं, "तुम्ही पाठवाल म्हणून सांगितलं नाही. तुम्ही पाठवलं असतंत तर मला मिळालं नसतं."

"तुला तसंही नाहीच मिळालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. दोन-तीन शेंगा आणखी सोलल्या. मग म्हणाल्या, "माझी पक्की प्रत करून झाली होती. तू पत्र न्यायला आलास त्याच्या आधीच. म्हटलं, तू काही आणलंस तर तयार असावी."

मला रडू आलं असतं तर मोकळं वाटलं असतं, पण आलं नाही. नुसती मान खाली गेली. एका माणसाला मी पूर्वी सगळ्यांसमोर बोललो होतो, तोही असाच बसला असेल. ताई मलाही तसंच फैलावर घेतील म्हणून मी थांबलो. खरं तर त्यांनी बोलावं अशी इच्छा होती.

त्यांनी विचारलं ते भलतंच. "माझं पत्र लावलंस त्याला?"

"हो."

"तिन्ही प्रतींना?"

"नाही. वेगळ्या पाकिटात एकच होतं."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. हात धुऊन, पदराला पुसून टेबलाशी जाऊन बसल्या. चष्मा बदलला. "नोकरीभर मुलांचे दाखले लिहिले," त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "नापास झालेल्याला पास लिही म्हणून आईबाप पाया पडायचे. मी एकसुद्धा खोटा लिहिला नाही. आणि हे मी कुणाला, कुठे लिहून दिलंय ते मलाच माहीत नव्हतं."

पहिल्यांदा पुठ्ठ्याच्या वहीत कच्चं लिहिलं. त्यात दोन शब्द खोडले. मग कोरा कागद घेऊन पक्कं लिहिलं. या वेळी दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. मी खुर्चीत बसून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाच. चूक राहायला नको."

मी वाचलं. 'महोदय, आपल्या हस्तलिखित-पुरस्कारासाठी एका कवीने जोडलेले माझे पत्र आपल्याकडे आहे. त्यातील तिसरे वाक्य खरे नाही, असे मला आज समजले. ते मी मागे घेत आहे. पहिली दोन वाक्ये कायम ठेवावीत.' खाली सही, तारीख.

वाचताना 'तिसरे' या शब्दाशी अडखळलो. माझ्या डोक्यात दुसरं वाक्य फिरत होतं, कविता चांगल्या आहेत हे. ते मला सहन होईना. पात्र नाही असं परीक्षकांनी आधीच म्हटलेलं, आणि वर हे.

"दुसरंही काढा, ताई," मी म्हटलं.

"ते का काढू?" त्या म्हणाल्या. "ते खरं आहे." कागदाची घडी घालून पाकिटात सरकवली, पाकीट चिकटवलं आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवलं. "पत्ता तू घाल. तुला पाठ असेल."

पाठ होता. पिन कोडसकट.